अळणी नवरात्र

बजाजनगरच्या चौकात काळी माती विकायला आली की मी दिवस मोजायला लागते. आसपासच्या खेड्यांतल्या बायका शेतातली माती पोत्यांतून आणतात, चाळून तिचे ढीग लावतात आणि शेजारी घट, पत्रावळी, सात धान्यांच्या पुड्या मांडून बसतात. पलीकडं झेंडू. त्याच्या पलीकडं दौलताबादकडून आलेल्या सीताफळांच्या पाट्या. पाऊस परतलेला असतो, पण ऊन असं पाठीवर चढतं की कंपनीच्या बसमधून उतरणारी माणसं आधी सावली शोधतात आणि मग घराकडं वळतात. लोक या दिवसांची वाट बघतात. मी ते कधी सरतात याची बघते. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत माझी आत्या मरता मरता राहिली. तिच्या वाईटावर कुणीच नव्हतं. सगळे तिचं भलंच करायला निघाले होते.

आमच्या घरात देव्हारा नव्हता. लोकांच्या घरी जिथं देव्हारा असतो तिथं आमच्याकडं पत्रकांचे गठ्ठे असायचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, वाळूजच्या एका कारखान्यात फिटर होते आणि युनियनचं सगळं लिखाण त्यांच्या अंगावर असे. पिवळा, गुलाबी, पातळ कागद, बोटांना लागणारी शाई. मी अक्षरं या कागदांवर गिरवली. वर्गातली मुलं ‘कमळ’ वाचत होती तेव्हा मला ‘निषेध’ वाचता येत होतं. कंत्राटी पद्धतीविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध, मुलीच्या हुंड्याविरुद्ध, पाणीकपातीविरुद्ध. उपवास, नवस, अंगारे यांची तर घरात थट्टाच चालायची. पत्रकानं मला एक गोष्ट शिकवली आणि ती मी अजून सोडलेली नाही: दुःखाला कारण असतं, कारणाला नाव असतं आणि ते नाव छापता येतं. आत्याच्या बाबतीत मी ते नाव दोन वर्षं शोधते आहे.

आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं मंगलआत्यानं, अण्णांच्या धाकट्या बहिणीनं. तिला सिल्लोडकडं दिली होती. लग्नानंतर काही वर्षांनी तिचं तंत्र बिघडलं. सासरच्यांनी आधी अंगारा लावला, मग मांत्रिक आणला, मग तिला आणून आमच्या दारात सोडली. डॉक्टरांनी पुढं त्या आजाराला बायपोलर म्हटलं. आत्यानं त्याला स्वतःची नावं दिली, चढ आणि उतार. चढावर असली की भल्या पहाटे उठून आख्ख्या गल्लीचे पडदे शिवायची, कुणी न मागता. बोलणं थांबायचं नाही, हसणं थांबायचं नाही, आणि बघता बघता त्या हसण्याला अशी धार यायची की मी दप्तरात तोंड खुपसून बसायचे. उतारावर असली की भिंतीकडं तोंड करून पडायची. केसांत कंगवा अडकलेला असायचा, तो शेवटपर्यंत ओढायचं बळ नसायचं. सासरी असताना अशाच एका उतारावर ती विहिरीच्या काठापर्यंत जाऊन आली होती. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे.

अण्णांनी तिला शहरातल्या मनोविकारतज्ज्ञांकडं नेलं. लिथियमची गोळी सुरू झाली आणि ती लागू पडली. अण्णांनी त्या आनंदात पत्रक काढलं, ‘मन आजारी पडतं, त्याला भूत लागत नाही.’ आत्याचं नाव त्यात नव्हतं, पण गल्लीला कळायचं ते कळलं.

आत्या म्हणाली, “दादा, माझं दुखणं छापलंस व्हय रे? आता फोटो तेवढा लाव.”

अण्णा ओशाळले. ती मात्र चिडली नव्हती. उरलेल्या पत्रकांवर तिनं ब्लाउजचे कागदी नमुने कापले. कित्येक वर्षं आमच्या वसाहतीतल्या बायकांच्या गळ्यांची, बाह्यांची मापं त्या पत्रकांच्या पाठीवर होती.

चौकामागं तिचा पत्र्याच्या शटरचा गाळा होता. एका अंगाला तिचं मशीन, दुसऱ्या अंगाला शबानाभाभीचं. भाभी पिको-फॉल करायची. तिचं माहेर आत्याच्या सासरचं, सिल्लोडचंच, त्यामुळं दोघींचं आधी गावावरून जुळलं आणि मग भांडणावरून. नवरात्र म्हणजे गाळ्याचा हंगाम. कारखान्यांत, शाळांत, बँकांत नऊ दिवस नऊ रंगांच्या साड्या नेसायची टूम निघाली आणि प्रत्येक साडीला ब्लाउज हवा झाला. गाळ्यात पाय ठेवायला जागा नसायची. मोरपंखी, राखाडी, जांभळ्या कापडांच्या चिंध्यांचा सडा पडलेला असायचा. गरम इस्त्रीचा वास, मशीनच्या तेलाचा वास, आणि वर शबानाभाभीचा रेडिओ.

“मंगलबाई, ये राखाडी कायकू पहनते तुम लोगां? मय्यत के घर जैसा दिखता.”

“देवीला विचार. मी फक्त शिवते.”

“देवी कू नय, कैलेंडर वाले कू पूछना पडता.”

त्या गाळ्यात ती हसायची तेव्हा त्या हसण्याला धार नसायची. इतकं मला आठवतं आणि इतकंच आठवावं असं वाटतं. पण आठवण ही काही शिंप्याकडं दिलेलं कापड नाही, हवं तेवढं ठेवून बाकीचं कापून टाकायला.

गोळीनं तिचं आयुष्य तिला परत दिलं, हे मी कुणालाही ठामपणे सांगेन. पण पत्रकात एक ओळ कधी छापली नव्हती, तीही सांगते. गोळीनं उतार थांबला तसे चढही गेले. तोंडाला सतत कोरड, तहान, वाढलेलं अंग, बोटांना जराशी थरथर. ती म्हणायची, “बरी हाये गं मी. नुसती बरीच हाये.” डॉक्टरांकडं जायचं म्हणजे अर्धा दिवस बाकावर बसायचं आणि आत गेल्यावर खुर्ची गरम व्हायच्या आत उठायचं. झोप? ठीक. भूक? ठीक. गोळ्या चालू ठेवा, पाणी भरपूर प्या, रक्त तपासून या. पुढचे. डॉक्टर वाईट नव्हते. पण त्या बाकावरच्या अर्ध्याअधिक बायका नवरात्रात, चतुर्थीला, श्रावणात उपवास धरणाऱ्या, आणि तिथं कुणी कुणाला विचारत नव्हतं की बाई, तू खातेस काय.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या श्रावणात शेजारणीबरोबर ती निसर्गोपचाराच्या शिबिराला गेली. एका मंगल कार्यालयात पहाटे भरायचं. अनवाणी गवतावर चालणं, प्राणायाम, पोटावर ओल्या मातीची पट्टी, ब्राह्मीच्या तेलानं डोकं चोळणं. अण्णा म्हणाले, “चिखल लावून मेंदू दुरुस्त होत असता तर म्हशी पुढारी झाल्या असत्या.” आत्या हसली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

तिथं तिला जे मिळालं ते मला नाकारता येत नाही. शिबिर घेणारे एक निवृत्त शिक्षक होते, सगळे त्यांना सर म्हणत. ते एकेकाजवळ बसून विचारायचे, काल झोपेत काय दिसलं, सकाळी उठल्यावर पहिला विचार कुठला आला. आत्याला इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. आम्हीसुद्धा विचारायचो ते एवढंच, गोळी घेतली का? आत्याची चाल बदलली. ती लवकर उठू लागली, गाळ्याच्या दारात तिनं तुळस लावली, जेवताना बोलू लागली. शिबिरात तीन पांढरी विषं सांगितली होती: साखर, मैदा आणि मीठ. तिनं आधी साखर सोडली, मग बिस्किटं. मीठ ती कमी करत गेली, तिच्या ताटातलं, आमच्या नाही. घरात स्वयंपाक तिचाच. आम्हाला कळणार कसं?

सरांना तिनं गोळीचं सांगितलं नाही. सांगितलं तर ते सोडायला लावतील अशी तिला भीती होती. डॉक्टरांना शिबिराचं सांगितलं नाही, ते ओरडतील म्हणून. आणि मग नवरात्र आलं तेव्हा तिनं नऊ दिवसांचा अळणी उपवास धरला आणि तो आम्हाला सांगितला नाही, कारण आमच्या घरात उपवासाला हसतात. घट तिनं गाळ्यात बसवला, मशीनच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या टोपलीआड. हे सगळं फक्त शबानाभाभीला माहीत होतं.

भाभीनं तिला विचारलंही होतं, “बीमार को माफी नय रहती क्या तुम्हारे में? हमारे में रोजे की माफी रहती.”

“तुमचा अल्ला मोठ्या मनाचा गं,” आत्या म्हणाली होती. “आमच्या देवीचं आमच्यासारखंच. लगेच मनाला लावून घेती.”

“फिर मांगा क्या देवी से?”

“काय नाय. हे असंच राहू दे म्हणलं. आता जसं हाये तसं.”

हे मला नंतर कळलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला जे होतं तेच हवं होतं, त्यासाठी तिनं मीठ सोडलं.

रोज पहाटे ती बायकांबरोबर कर्णपुऱ्याच्या देवीला चालत जायची. आम्हाला सांगायची, चालायचा व्यायाम आहे. नवरात्रात या शहराच्या सगळ्या रस्त्यांवरून पहाटे छावणीकडं माणसं वाहत असतात, अनवाणी. एक दिवस मीही गेले. कारखान्यांचे दिवे मागं पडले, मग महामार्गाच्या कडेचे थंड खडे, मग छावणीची मोठी जुनी झाडं आणि त्यांच्याखालची ओल. यात्रेतल्या पाळण्यांचा सांगाडा उजाडताना उभा होता. तेलात पडणाऱ्या पुऱ्यांचा वास येत होता. परतताना ऊन चांगलंच वर आलं. आत्याच्या ब्लाउजची पाठ घामानं चिकटली होती. ती मध्येच एका दगडावर बसली.

“चक्कर येतीये?”

“नाय गं. पाय जरा परके झाल्यासारखे वाटायलेत.”

मला ते वाक्य आवडलं. मी ते मनात टिपून ठेवलं. लिहिणाऱ्या माणसांची ही जातच आहे.

मग तिच्या हातातून सुई पडू लागली. ओवता येईना. नेहमीची थरथर वेगळी होती, बारीक. ही मोठी होती, मनगटापासूनची. एका बाईच्या मोरपंखी ब्लाउजला तिनं उजव्या हाताला डावी बाही लावली आणि ती बाई गाळ्यातच ओरडली. आत्या नुसती बघत राहिली. जेवण नको म्हणायची. मग उलट्या सुरू झाल्या, जुलाब सुरू झाले. शेजारीण म्हणाली पित्त असेल. आत्यानं सरांना फोन लावला. ते मायेनं म्हणाले, घाबरू नका ताई, शरीर विष बाहेर टाकतंय, टाकू द्या. शिबिरात आम्ही याला शुद्धी म्हणतो.

ती टाकू देत राहिली.

दोन दिवसांत तिची जीभ जड झाली. शब्द एकमेकांत अडकू लागले. ती एकाच प्रश्नाला तीनदा उत्तर द्यायची आणि तिन्ही वेगळी. चालताना भिंत धरायची. मी म्हणाले, अण्णा, हे काहीतरी वेगळं आहे. अण्णांनी तिच्याकडं बघितलं आणि त्यांना जे आयुष्यभर माहीत होतं तेच दिसलं. आजार उलटला. शिबिराच्या नादात हिनं गोळ्या बंद केल्या असणार. त्यांनी गोळ्यांचा डबा उघडून बघितला नाही. त्यांचा त्या गोळीवर विश्वास होता, गल्लीतल्या कुणाचाही देवावर नसेल एवढा. त्यांनी पाण्याचा पेला आणला, तिची मान हातावर घेतली आणि गोळी स्वतः तिच्या तोंडात घातली.

“गीळ, मंगल. गीळ. बरं वाटंल.”

तिनं गिळली. ती नेहमीच शहाण्या पोरीसारखी गिळायची. सकाळची तिनं आधीच घेतली होती.

तरीही ती सावरेना तेव्हा तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं एका तरुण निवासी डॉक्टर मुलीनं रक्त घेतलं, सलाइन लावलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “या मीठ खात नव्हत्या का?”

माझ्या आणि अण्णांच्या मागं शबानाभाभी उभी होती, पदराच्या टोकाचा बोळा करून. तिनं सांगितलं. घट, उपवास, शिबिर, सगळं. “मैं उसकू पानी का गिलास भरके देती थी,” ती म्हणाली. “नमक का मेरेकू कौन बोलता?”

डॉक्टर मुलगी दमलेली होती, पण तिनं आम्हाला बाजूला नेऊन नीट समजावलं. लिथियम हाही एक क्षारच. साधं मीठ मिळेनासं झालं की शरीर मीठ धरून ठेवू लागतं, आणि मूत्रपिंडांना या दोन क्षारांतला फरक नीट कळत नाही. मिठाबरोबर ती लिथियमही धरून ठेवतात. घाम, उलट्या, जुलाब यांनी ते आणखी वाढतं. गोळी तेवढीच राहते, रक्तातलं लिथियम मात्र चढत जातं, विष होईपर्यंत.

“आणि वरून एक जास्तीची गोळी दिली तर?” अण्णांनी विचारलं.

तिनं कागदावरून मान वर केली. “तुम्हाला माहीत नव्हतं, काका.”

अण्णांनी कामगारांसाठी कधीतरी लिहिलं होतं, माहीत नसणं ही सबब होत नाही. ते भिंतीला टेकून खाली बसले. पुढं कितीतरी दिवस ते मूठ उघडी ठेवून बसायचे, हाताला काही चिकटल्यासारखे.

मला आग लावायची होती. कुठं, ते कळत नव्हतं. मी सरांकडं गेले. ते माझं ऐकताना रडले. म्हणाले, ताईंनी मला गोळ्यांचं सांगितलंच नाही. मी विचारलं, तुम्ही विचारलं होतंत? ते म्हणाले, मी माणसाचा आजार विचारत नाही, माणसाला विचारतो. मी मनोविकारतज्ज्ञांकडं गेले. ते म्हणाले, उपवासाचं पेशंटनं सांगायला हवं होतं. मी विचारलं, तुम्ही विचारलं होतंत? त्यांनी दाराकडं बोट केलं. बाहेर बाकावर माणसं भिंतीपर्यंत बसली होती. दोघांचीही बाजू मला पटली आणि त्यामुळं माझा राग अजून वाढला. एकजण म्हणतो निसर्ग, दुसरा म्हणतो औषध. एकाला दुसऱ्याचं तोंड बघायचं नाही. बाईनं मात्र दोघांचं ऐकायचं, दोघांनाही न दुखवता, आणि घरी आमच्यासारखी पुढारलेली माणसं बसलेली, त्यांनाही न दुखवता. हे सगळे एकदाच एकत्र आले, ते तिच्या रक्तात.

आणि कुठलं नैसर्गिक, कुठलं रासायनिक? लिथियम जमिनीतूनच निघतं. मीठही. ज्या गोळीला शिबिरातले लोक केमिकल म्हणून नाक मुरडतात ती मातीतलीच आहे, आणि ज्या उपवासाला ते शुद्धी म्हणतात त्यानं तिच्या अंगात रसायनाची भट्टी पेटवली. हे शब्द बाटलीवर लावायच्या चिठ्ठ्या आहेत. शरीराला चिठ्ठ्या वाचता येत नाहीत.

आत्या वाचली. बोलणं सुधारलं, चाल सुधारली. हात सुधारला नाही. ती थरथर मनगटात राहिली ती राहिलीच. लिथियम बंद करून दुसरी गोळी दिली. ती तिला लागू पडली नाही. थंडीत उतार आला, इतका खोल की मी कॉलेजातले तास सोडून घरी बसले आणि तिच्या केसांतून कंगवा काढत राहिले. मुंबईला पाठवायचा एक लेख अर्धा राहिला, तो अजून अर्धाच आहे. शेवटी डॉक्टरांनी पुन्हा लिथियमच सुरू केलं, कमी प्रमाणात, रक्त सारखं तपासत. तिला धरून ठेवणारी तेवढी एकच गोष्ट होती आणि तीच तिला मारू शकते हे आता आम्हा सगळ्यांना माहीत होतं. गाळ्यातलं तिचं मशीन एका नव्या पोरीनं घेतलं. आत्या तिथं जाऊन बसते, हुक-काजं करायला बघते, जमलं नाही की शबानाभाभीशी वाद घालते.

गेलं नवरात्र ती औषधाच्या गुंगीत होती, ते गेलं तसं गेलं. यंदा ती जागी आहे.

म्हणून मी पत्रक लिहायला घेतलं. कर्णपुऱ्याच्या वाटेवर पहाटे वाटायचं, असं ठरवून. मनाच्या आजाराच्या गोळ्या आणि कडक उपवास एकत्र चालत नाहीत, अशी सुरुवात. मग शिबिरांवर ताशेरे, मग डॉक्टरांच्या बाकावर, मग सरकारवर, कारण सरकारशिवाय आमच्या घरचं पत्रक संपत नाही. चांगलं झालं होतं. मी ते गाळ्यात दोघींना वाचून दाखवलं. अण्णा दारात उभे होते.

शबानाभाभी म्हणाली, “भारी लिखी. सरकार कू और थोडा डालना.”

आत्याच्या मांडीवर काजाच्या दोऱ्याचा गुंता पडला होता.

“हे वाचून बाया उपास सोडायच्या नाय,” ती म्हणाली. “गोळी सोडतील.”

“कामून?” मी विचारलं.

“कामून म्हंजे? कागद म्हणतोय दोन्ही संगं चालत नाय. मंग एक सोडायचं. देवीला सोडती व्हय कुणी?” तिनं गुंता ओढला, तो आणखी आवळला. “मी असते तर गोळी सोडली असती.”

मशीन चालवणारी पोरगी थांबली. मी हातातल्या कागदाकडं बघितलं. मी विहिरीच्या वाटेची पाटी लिहीत होते.

“आणि आता?” अण्णांनी दारातून विचारलं. मी त्यांचा आवाज इतका लहान कधी ऐकला नव्हता.

“आता यंदा मी धरणार हाये.”

“मंगल.”

“गोळी बी घेणार. दादा, मला दोन्ही लागतं रे. गोळी मला मरू देत नाय. पण सकाळी उठायचं कशाला, ते गोळी सांगत नाय.”

दुसऱ्या दिवशी अण्णा तिला घेऊन डॉक्टरांकडं गेले आणि उठायला सांगितलं तरी खुर्चीवरून उठले नाहीत. सगळं विचारून घेतलं. मीठ सोडायचं नाही, रोजच्याएवढंच खायचं. पाणी तोडायचं नाही. उन्हात चालायचं नाही. नऊ दिवसांच्या आधी रक्त, मध्ये पुन्हा रक्त. उलटी, जुलाब किंवा थरथर वाढली तर गोळी थांबवून थेट दवाखाना. डॉक्टर म्हणाले, शक्यतो उपवास नकोच. अण्णा म्हणाले, शक्यतोचं आम्ही बघतो, तुम्ही नियम सांगा. मी ते पत्रक जुन्या पत्रकांच्या गठ्ठ्यात घातलं. त्याच्या जागी काय लिहायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

घटस्थापनेला आमच्या घरात पहिल्यांदा घट बसला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, खिडकीशी. अण्णांनी किराणा दुकानातून भगर, शेंगदाणे आणि उपवासाला चालणारं मीठ, शेंदेलोण आणलं. दुकानदार त्यांना ओळखतो. त्यानं एकदा त्यांच्याकडं आणि एकदा पिशवीकडं बघितलं आणि हिशेब केला. भगर अण्णांनीच शिजवली. दाण्याच्या आमटीत गुठळ्या झाल्या. आत्या घटासमोर पाट टाकून बसली होती. कर्णपुऱ्याला जायचं नाही हे तिनं मान्य केलं होतं, पण पहाटे बायका रस्त्यावरून बोलत गेल्या तेव्हा ती खिडकीत उभी होती, मी बघितलं.

अण्णांनी ताट वाढलं. तिच्यापुढं ठेवायच्या आधी त्यातला एक घास उचलून स्वतःच्या तोंडात टाकला, जिभेवर घोळवला, मग दुसरा टाकला.

आत्या म्हणाली, “दादा, नैवेद्य होता त्यो.”

“हो.”

“उष्टा केलास की.”

“मीठ बघितलं,” अण्णा म्हणाले. “नऊ दिवस बघणार आहे.”

तिनं घटाकडं बघितलं, मग ताटाकडं. मला वाटलं ती ताट सरकवेल. तिचा हात भगरीपर्यंत गेला, थरथरत वर आला, अर्धा घास पदरात सांडला. अण्णा वाकले नाहीत, मीही नाही. पदरातलं तिनं वेचून खाल्लं.

“हा उपास नाय राहिला,” ती म्हणाली. “पथ्य झालं हे.”

बाहेर दुसऱ्या पाळीच्या बस लागल्या होत्या. ती सावकाश जेवली, आमच्यापैकी कुणाकडंही न बघता, आणि ताटाच्या कडेला लागलेली शेवटची गुठळी बोटानं पुसून खाऊन टाकली.

“खारट झालं होतं,” ती म्हणाली. “उद्या कमी घाल.”

“कमी नाही घालणार,” अण्णा म्हणाले.